कामावरचे डोळे

माझ्या आत्याने उभं आयुष्य झोप-जाग ठरवणाऱ्या शरीरातल्या घड्याळाच्या संशोधनात घालवलं. आम्ही तिला ‘घड्याळवाली’ म्हणून चिडवायचो. एकदा तिच्याच इस्पितळात एका अंध संगीतशिक्षकांचे दुखरे डोळे काढायचं ठरलं. आत्या हातातलं काम टाकून धावली. “दिसत नाही, वर ठणका. ठेवून उपयोग काय?” सर्जन म्हणाले. “आधी मला तपासू द्या,” आत्या अडून बसली. रात्री त्यांच्या डोळ्यांवर दिवा धरून तिने रक्त तपासलं. झोप आणणारं रसायन उजेडाने घटलं. सकाळी ती म्हणाली, “यांना दिसत नाही, पण उजाडलेलं शरीराला याच डोळ्यांतून कळतं. काढलेत तर झोपेचा बट्ट्याबोळ होईल.” सर्जननी ऑपरेशन रद्द करून ठणक्यावर औषध दिलं. शिक्षकांनी विचारलं, “म्हणजे माझे डोळे अजून कामावर आहेत?” “रोज,” आत्या म्हणाली. त्यांनी काळा चष्मा काढला आणि चेहरा खिडकीकडे वळवला.