रुसलेला खडा

लग्नासाठी घरातले दागिने उजळायला सोनार ओसरीवर तेजाब तापवून बसला होता. तेवढ्यात पितळी ताटात अंगठी पडली, टण् करून.

शालिग्राम सोनाराच्या हातून ती सुटली होती. अंगठी प्रेमकुंवरची. सकाळपर्यंत तिच्यातला जबरजदचा खडा कोवळ्या कैरीसारखा हिरवा होता, तेलाचं बोट फिरवावं तसा चमकत होता. आता त्यावर पातळ साय धरल्यासारखं झालं होतं.

"खडा रुसला," भिकमचंद म्हणाले. प्रेमकुंवरचे सासरे. जळगावच्या डाळबाजारात त्यांच्या शब्दाला वजन होतं, घरात तर विचारायलाच नको. "ऐन लग्नाच्या तोंडावर रुसला. खडा उगाच रुसत नाही, बाईचा पायगुण दाखवतो. परवा प्रकाशचंदला ओवाळायला दुसरं कोणी बघा."

प्रकाशचंद तिचा धाकटा दीर. नवरदेवाला ओवाळायचा मान थोरल्या वहिनीचा, म्हणजे तिचा. तिचा नवरा दलिचंद शेजारीच बसला होता, पण वडिलांपुढे त्याला कधी वाचा फुटली नव्हती.

या मारवाडी घरात सून सासऱ्याशी बोलत नसे. बोलायचंच झालं तर मुलाला मध्ये घालायचं. प्रेमकुंवरने पदर हनुवटीपर्यंत ओढला आणि सहा वर्षांच्या मंजूला जवळ घेतलं.

"दादाजींना सांग, खडा रुसलेला नाही. गरम तेजाबाने मेला. जबरजदला तेजाब सोसत नाही. धुळ्याला माझे वडील, मंजूचे नानाजी, त्याला रिठ्याच्या कोमट पाण्यात धुतात आणि मलमलीने टिपतात."

"आई म्हणते, खडा मेला," मंजूने थोडक्यात आटोपलं.

शालिग्राम हसला. "काय वहिनी! सोनेबंदीत दुकान बसलं, तेव्हापासून घरोघर हेच करतो मी. नथीपासून पाटल्यांपर्यंत बठ्ठे दागिने याच तेजाबात उजळतो. कोणत्या खड्याला आजवर शिंकसुद्धा आली नाही."

"आईला सांग," भिकमचंद नातीलाच म्हणाले, "तुझ्या आजीचा खडाही असाच उजळताना रुसला होता. लग्नाला वर्ष झालं नव्हतं. तेव्हापासून या घरात तिने कोणाला ओवाळलं नाही. पोटच्या पोरांनासुद्धा नाही. केली का कधी तक्रार?"

प्रेमकुंवरच्या सासूबाई, जतनबाई, खांबाआड बसून वाती वळत होत्या. त्यांचा हात थांबला नाही.

प्रेमकुंवर उठली. आतून बिस्किटांचा पत्र्याचा डबा घेऊन आली. डब्यात कापूस, आणि कापसात कागदाच्या अकरा पुड्या. एकेका पुडीत एकेक जबरजद, एकमेकांवर घासून ओरखडे पडू नयेत म्हणून. धुळ्याच्या देवपुरातल्या तिच्या वडिलांनी आयुष्यभर हौसेने जमवलेले. सासरी पाठवताना म्हणाले होते, विकायचे नाहीत पोरी, कंटाळा आला की बघायचे.

तिने शालिग्रामचं भिंग मागून घेतलं. पदराआडूनच एकेक खडा पाहिला. खालच्या पैलूंच्या कडा भिंगातून जोडीजोडीने दिसत होत्या, अस्सल जबरजदाच्या दिसतात तशा. सगळ्यात नितळ खडा तिने बाजूला काढला.

"अगं, तो टवका उडालेला घे ना," दलिचंद कुजबुजला.

"टवक्याचा घेतला, तर म्हणतील मुळातच खोटा होता."

शेगडीवर चिनी मातीच्या भांड्यात तेजाब ऊन होत होतं. तिने खडा त्यात सोडला. "चुलीवरची डाळ शिजेस्तोवर कोणी हात लावायचा नाही," म्हणाली आणि शेगडीपाशीच बसून राहिली. तेजाबाच्या वासाने डोळ्यांत पाणी येत होतं. मागे सरकली नाही. शेजारच्या बायका आल्या होत्या लग्नाचे पापड लाटायला, त्याही लाटणी खाली ठेवून बघत राहिल्या.

आत डाळ शिजली. तिने चिमट्याने खडा काढला, साध्या पाण्यातून काढला, पुसला आणि तळहातावर धरला. तीच साय. तोच मेलेला हिरवा.

आता तिने मंजूला मध्ये घातलं नाही. पदर हनुवटीपर्यंतच होता, पण आवाज थेट आला.

"बाबूजी, हा कोणाच्या बोटातच नव्हता. हा कोणावर रुसला?"

पापड लाटणाऱ्यांपैकी कोणीतरी "अगंबाई" म्हणालं. भिकमचंद सोनारावर खेकसले, "बोल की! तुझंच काम आहे ना हे?"

शालिग्रामने भिंग धोतराला पुसलं. अंगठी आणि खडा शेजारीशेजारी ठेवून दोनदा पाहिलं.

"सारखेच गेले, भाऊ," तो खालच्या आवाजात म्हणाला. "वहिनींचा खडा माझ्याच हाताने गेला."

"परवाचं तबक मी भरणार," प्रेमकुंवर म्हणाली. "ओवाळणारही मीच."

भिकमचंदांनी पितळी ताट तिच्याकडे सरकवलं. खांबाआड वाती वळणारा हात आता थांबला होता. जतनबाई उठल्या आणि कोणाकडेही न बघता आत निघून गेल्या.

मंजू त्या दाराकडे बघत राहिली. मग आईच्या पदरात तोंड घालून तिने हळूच विचारलं,

"आई, मग आजीचं जे ओवाळायचं राहून गेलं, ते आता कधी करायचं?"