येडूची लढाई

रेकॉर्ड ऑफिसचं उत्तर वाचून गुरुशांत हवालदारानं चष्मा काढला, तेव्हाच मायाक्कानं ओळखलं. फौजेतून निवृत्त होऊन सोलापुरात माजी सैनिकांच्या कार्यालयात बसलेला हा माणूस आडून बोलणाऱ्यातला नव्हता. येडू नावाचा जवान तुमच्या गावातून कधी भरतीच झाला नाही, असं त्यानं सरळ सांगून टाकलं.

मायाक्का उठली, बसली, पुन्हा उठली. परवा सव्वीस जानेवारी. मंद्रूपजवळच्या तिच्या गावात शाळेपुढं दगड उभा राहणार होता, एकाहत्तरच्या लढाईत लढलेल्या गावच्या जवानांची नावं कोरलेला. चार नावं कोरून झाली होती. पाचव्यासाठी सरपंच शहाजीनं आज दुपारपर्यंत मुदत दिली होती. कागद आण, नाव घालतो. त्याचंही चूक नव्हतं म्हणा. गावाच्या लेखी तिचा बाप येडू म्हणजे चार-पाच वर्षं मेंढरामागं हिंडून आलेला आणि आल्यावर राजस्थानच्या वाळूतल्या लढाईच्या बाता मारणारा गडी. पारावर कुणी म्हणायचं, कागद दावा की आबा, की म्हातारा उठून घरी जायचा. दुसऱ्या दिवशी पुन्हा वाळू सुरू.

गावाचं एक सोडा. मायाक्कानं स्वतःच एकदा, सोयरे जेवायला बसलेले असताना, बापाला तोडलं होतं. आबा, आता पुरे करा, लोक हसत्यात. म्हाताऱ्यानं त्यानंतर तिच्यापुढं लढाईचं नाव काढलं नाही. त्याला जाऊन सहा वर्षं झाली आणि सहा वर्षं ते बोलणं तिला टोचत होतं. अर्ज लिहून, खेटे घालून तिला एवढंच शोधायचं होतं, की आपला बाप खोटारडा होता का नव्हता.

साक्षीला म्हणून तिनं थोरल्या चुलत्याला, बिरुदेवतात्यांना, सोबत आणलं होतं. तात्या सकाळपासून भलतेच वागत होते. स्टँडवरचा चहा तसाच ठेवला, आणि आता बाकाच्या टोकाला असे टेकले होते की कुणी शिंकलं तरी पळत सुटतील.

हवालदारानं कागद उलटला आणि थांबा म्हणाला. त्याच गावातून, अडुसष्ट साली, एक जण भरती झालाय. लढाईत होता, त्र्याहत्तरला घरी आला. बापाचं नाव जुळतंय, आडनाव जुळतंय. नाव बिरुदेव.

मग तो ताडकन उठला, टेबलाला वळसा घालून तात्यांपुढं आला आणि टाचा जुळवून त्यानं सॅल्यूट ठोकला. काका, इतकी वर्षं सांगितलं कसं नाही, म्हणून वर प्रेमानं दमही भरला. तात्या भिंतीकडं सरकले.

मायाक्काला काही उमजेना. तात्या आणि फौज? तिनं न विचारताच टेबलावरचा कागद ओढला. उंची पाच फूट नऊ इंच. तात्या पटक्यासकट तिच्या खांद्याला लागत होते. खाली ओळखीची खूण लिहिली होती: हनुवटीखाली आडवा व्रण.

तो एडक्याच्या शिंगाचा व्रण. शेवटच्या दुखण्यात आबांची दाढी तीच करायची, आणि तिथं आली की ब्लेड हळू धरायची.

"तात्या," ती म्हणाली, "ह्यो माजा बाप हाय."

तात्यांनी पटका काढून मांडीवर ठेवला. मग खाली बघत, तुकड्यातुकड्यानं सांगितलं. भरतीला शाळेचा दाखला लागायचा आणि येडूनं शाळेची पायरी बघितली नव्हती. तात्यांनी आपला चौथीचा दाखला ट्रंकेतून काढून दिला, जा म्हणाले. धनगराचं घर, आठ महिने रानोमाळ. येडू कुठल्या कळपामागं गेला, हे गावात कुणी विचारलंही नाही. तो परत आला तेव्हा तात्यांना धडकी भरली. दुसऱ्याच्या दाखल्यावर फौजेत गेलं की सरकार दोघांनाही आत टाकतं, असं कुणीतरी मंद्रूपच्या बाजारात बोललं होतं. घरी येऊन त्यांनी भावाला बिरोबापुढं नेलं आणि भंडारा उचलून शपथ घ्यायला लावली. दाखल्याचं कुणाला सांगायचं नाही. बायकोला नाही, लेकरालाही नाही.

"लढाईचं तरी बोलू का, एवढंच त्यानं इचारलं," तात्या म्हणाले. "म्या म्हनलं, बोल, पर कागदाचं न्हाय. भंडारा उचललेला मानूस. मरस्तवर शब्द मोडला न्हाय."

मायाक्काला तात्यांचा राग आला, त्याहून जास्त स्वतःचा आला. डोळे भरले ते तिनं पुसलेही नाहीत.

"लोक त्याला खोटारडा म्हनायचे, तवा तुमी तितंच बसलेलं असायचा की."

"व्हय," तात्या म्हणाले. "हसायचोबी."

हवालदारानं घसा खाकरला. त्यालाही वाईट वाटत होतं, पण नियमापुढं त्याचा इलाज नव्हता. पत्र द्यायचं तर रेकॉर्डमधल्याच नावानं देता येईल. म्हणजे दगडावर बिरुदेव, आणि परवा हारतुरेही बिरुदेवालाच.

तेवढ्यात मायाक्काचा फोन वाजला. शहाजी सरपंच विचारत होता, पाथरवट खोळंबलाय, कागद मिळाला का. मिळाला म्हणावं तरी बाप जातो, नाही म्हणावं तरी बाप जातो.

तात्या उठले आणि त्यांनी फोन तिच्या हातातून काढून घेतला. आवाज सरळ होता.

"सरपंच, बिरुदेव बोलतोय. समदी हायती का तितं? मग फोन मोठ्यानं लावा, सगळ्यांना ऐकू जाऊ द्या. दाखला माजा व्हता. लढाई येडूनं केली. आपल्या गावात खोटारडा एकच हाय, आन त्यो आता फोनवर बोलतोय."