मेहुण्याचे पंचवीस वॅट
माझा मेहुणा शिंकला की शेजारच्या बोटीचं शीड फुगतं, एवढी त्याची छाती. परवा समुद्रात आमचं इंजिन बंद पडून बोट खडकांकडे वाहू लागली. मेहुण्याने रेडिओ पूर्ण पंचवीस वॅटवर लावून घसा फाटेस्तोवर बंदराला हाका मारल्या. उत्तर नाही. येणार कुठून? लांब वायरीत वीज जिरते म्हणून या शहाण्याने डोलकाठीवरचा अँटेना उतरवून स्वतःच्या खुर्चीला बांधला होता. म्हटलं, “रेडिओची लहर सरळ जाते, खुर्चीवरून तिला बंदर दिसणार का? उंची लागते.” “दाजी, तुम्ही गप्प बसा. ताकद लागते.” कपाळावर हात मारून, एका वॅटचा वॉकीटॉकी दातांत धरून, या वयात मी डोलकाठीवर चढलो. पहिल्याच हाकेला बंदर बोललं, ओढायला बोट निघाली. खालून मेहुणा म्हणाला, “बघितलंत? माझा मघाचा आवाज पोचला. जड आहे, वेळ लागतो.”