सीटची उंची

"अजून एक गठ्ठा घाल," स्टुलावर बसलेला नवरा म्हणाला.

बायकोनं त्याला ओट्याच्या आधारानं उठवलं, रद्दीचा आणखी एक गठ्ठा स्टुलावर सरकवला आणि त्याला पुन्हा बसवलं. सकाळपासून तिचं हेच चाललं होतं. भांडी तशीच पडली होती.

स्वयंपाकघराची आज बोट झाली होती. मोठ्या पातेल्याचं झाकण म्हणजे सुकाणूचं चाक, खिडकी म्हणजे केबिनची काच, खिडकीत ठेवलेला चहाचा डबा म्हणजे बोटीचं नाक. त्या नाकावरून समोरच्या गच्चीवरची पाण्याची टाकी दिसली पाहिजे. टाकी दिसली म्हणजे पुढचं पाणी दिसलं. ही सगळी अक्कल नवऱ्याची. खरी बोट धक्क्यापाशी ठोकळ्यांवर चढवून ठेवली होती, आणि सुतार करवत घेऊन सीटच्या उंचीच्या आकड्याची वाट बघत होता.

बसून बोट चालवणाऱ्यांची नवऱ्यानं जन्मभर टिंगल केली होती. खुब्याचं ऑपरेशन झालं आणि त्याला फार वेळ उभं राहता येईना. आता सीट हवी होती. ती जमली नाही तर मासेमारीला जाऊन पुन्हा चाक हातात घेणं संपलं, हे दोघांनाही ठाऊक होतं. म्हणून दोघंही फक्त गठ्ठ्यांबद्दल बोलत होते.

"नाक उचल."

तिनं चहाचा डबा वीतभर वर धरला. वेग घेतला की बोटीचं नाक असंच उचलतं.

"गेली टाकी," तो म्हणाला.

"मग घालते अजून एक."

"घातला की मांड्या चाकाला घासतात. मगाशी घासल्या नाहीत का?"

"मग झाकण जरा वर धरा."

"बोटीवरचं चाक वर सरकतं होय?"

ओट्यावरचा फोन वाजला. सुतार होता. "दादा, द्या की आकडा. कधीचा हातावर हात ठेवून बसलोय."

"बस अजून थोडा," नवरा खेकसला आणि फोन ठेवला. मग तो स्टुलावर चिडला. स्टूल डुगडुगतं म्हणाला.

"खाली बसलात तर दिसत नाही, वर बसलात तर घासतं, आणि मधे बसलात तर स्टूल वाईट," बायको म्हणाली. "माझ्या अगदी नाकी नऊ आणलेत. बोट काय डुगडुगणार नाही?"

असं म्हणून तिनं रागानं स्टुलाला पायानं ढकललं. फार जोरात नाही. बारीकशी लाट लागावी, एवढंच.

झाकण खणखणत फरशीवर पडलं. नवऱ्यानं दोन्ही हातांनी ओटा घट्ट धरला. त्याचे डोळे मिटले होते आणि कपाळावर घाम आला होता.

"दुखलं का हो?"

"नाही."

त्यानं डोळे उघडले. मग मदत न घेता, ओटा धरत धरत, खाली उतरला आणि भिंतीला टेकवलेली काठी घेतली.

"तू बस," तो म्हणाला.

"मी कशाला?"

"बाजूला उभं राहून सांगणं सोपं असतं. बस, म्हणजे कळेल."

तिनं फणकाऱ्यानं आणखी दोन गठ्ठे रचले आणि चढून बसली. झाकण हातात घेतलं. ती बुटकी, त्यामुळे मांड्या घासायचा प्रश्नच नव्हता, पण पाय अधांतरी राहिले. त्यानं काठीनं एक उपडं घमेलं तिच्या पायांखाली ढकललं. मग डबा उचलून धरला.

"टाकी?"

"दिसते."

त्यानं डबा आणखी वर नेला. ती घमेल्यावर पाय रोवून किंचित उठली. "दिसते."

त्यानं डबा खाली ठेवला. काठीनं स्टुलाला डावीकडून ढोसलं, तिनं ढकललं होतं त्याहून जोरात. तोवर तिनं झाकण डावीकडे वळवलंही होतं. नाक लाटेवर घेतलं, गुडघ्यांवर धक्का झेलला, आणि लाट जाऊ देऊन झाकण पुन्हा सरळ केलं.

"हे कुणी शिकवलं तुला?"

"कोण शिकवणार? इतकी वर्षं मागे जाळं ओढताना तुमची पाठच तर बघत आलेय."

त्याला राग आला. तो कुणावर काढावा, ते मात्र कळेना. त्यानं टेप घेतली. फरशीपासून गठ्ठ्यांपर्यंत मोजलं, मग घमेल्याची उंची मोजली, आणि सुताराला स्वतःच फोन लावला.

"अठ्ठावीस इंच."

"एवढी उंच?" सुतार म्हणाला. "मांड्या घासतील दादा तुमच्या."

"नाही घासत. आणि पाय टेकायला खाली एक फळी टाक. आठ इंचांवर."

"फळी कशाला? तुमचे पाय तर..."

"सांगतोय तेवढं कर."

बायकोनं वळून त्याच्याकडे पाहिलं.  मग तिनं पुन्हा खिडकीकडे तोंड केलं. झाकण अजून तिच्या हातातच होतं.

नवऱ्यानं दाराजवळची खुर्ची ओढत आणली, तिच्या मागे ठेवली आणि काठी आडवी मांडीवर घेऊन बसला.

"तिथून दिसते का हो टाकी?" मागे न बघता तिनं विचारलं.

"नाही," तो म्हणाला. "तुझी पाठ दिसतेय."