गिअर कोण टाकतं?

मेकॅनिकनं काकांच्या तळहातावर दोन चकत्या ठेवल्या. दोन्ही अर्धचंद्राच्या आकाराच्या. एक नवी, जाड. दुसरी त्यांच्याच गाडीच्या इंजिनातून काढलेली, झिजून पत्र्यासारखी झालेली.

"काका, क्लच दाबून धरता ना?"

काकांनी चष्मा कपाळावर चढवला आणि जुनी चकती बोटांनी चाचपली. जन्मभर दवाखान्यात कंपाउंडर होते. वाईट बातमी ऐकताना चेहरा कसा ठेवायचा, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

मेकॅनिक भला माणूस, पण समजावायला लागला की सोडत नसे. क्लच दाबला की इंजिनाचा मुख्य दांडा पुढं रेटला जातो आणि तो सगळा रेटा ही एवढीशी बेअरिंगची चकती झेलते, म्हणाला. क्षणभर झेलायला तिची ना नाही. पण सिग्नलला, वळणावर, चढावर, जिथंतिथं पाय दाबलेलाच, तर ती बिचारी किती दिवस काढणार? आता नवी बसवलीय. सवय जुनीच राहिली तर पुढच्या वेळी दांडाच जाईल, आणि मग या गाडीत जीव घालण्यात अर्थ नाही. मग लेक म्हणते तशी बिनक्लचची, बिनगिअरची गाडी घेऊन मोकळे व्हा.

लेकीचं नाव निघालं तशा बाकावर बसलेल्या काकू सावरून बसल्या. बिनगिअरच्या गाडीत त्यांना काय काम उरणार होतं?

कारण या गाडीचे गिअर काकू टाकत. काकांचा डावा खांदा जखडला, हात लिव्हरपर्यंत जाईना, तेव्हा ही भागीदारी सुरू झाली. क्लच काकांचा, गिअर काकूंचा. काका क्लच दाबून "हं" म्हणत आणि शेजारच्या काकू गिअर टाकत. टेलिफोन एक्स्चेंजात लाइनी जोडण्यात उमेदीची वर्षं गेलेली बाई, खट्ट म्हणून आवाज व्हायचा नाही. घोडं अडायचं ते एकाच ठिकाणी. काकू सतत बोलत असत आणि बोलणं अर्ध्यावर सोडणं त्यांच्या रक्तात नव्हतं. काकांचं "हं" होऊन जायचं, क्लच तळाला टेकायचा, आणि चुलतबहिणीच्या सुनेची हकिकत तडीस जाईपर्यंत तसाच टेकून राहायचा. मागचे भोंगे वाजवून दमायचे. मग गिअर पडायचा. हिचं वाक्य संपल्याशिवाय आगगाडीसुद्धा सुटायची नाही, असं काका चारचौघांत सांगत, आणि तेही कौतुकानं.

"पण इतका वेळ दाबून धरायचं कारण काय?" मेकॅनिकनं विचारलं. "गिअर कोण टाकतं?"

काकूंनी पर्सची चेन उघडली आणि पुन्हा लावली.

"मीच," काका म्हणाले. "आणखी कोण?"

मग चला, एक चक्कर मारून बघू, मी शेजारी बसतो, असं म्हणून मेकॅनिक काकूंच्या जागेवर जाऊन बसलासुद्धा. काकू मागच्या सीटवर बसल्या. आता खांद्याचं पितळ उघडं पडणार, आपला माणूस मेकॅनिकसमोर कळवळणार.

काकांनी क्लच दाबला. डावा हात उचलला आणि पहिला टाकला. मग दुसरा. मग तिसरा. पाय दाबला की लगेच वर. गल्लीच्या टोकाला गाडी मागं घ्यायची होती. त्यांनी रिव्हर्स टाकला, डावा हात ऐसपैस शेजारच्या सीटच्या पाठीवर टाकला, मागं बघायला वळले, आणि काकूंशी नजरानजर झाली.

काकांनी आधी नजर वळवली. गाडी सरळच मागं आली.

असंच चालवत जा, नातवंडांना पुरेल, असं सांगून मेकॅनिक गॅरेजपाशी उतरला. काकू पुढं येऊन बसल्या. गाडी रस्त्याला लागल्यावर त्यांनी विचारलं,

"खांदा कधी बरा झाला?"

"झाला असेल... मागच्या थंडीत."

"आणि मला सांगितलं नाहीत."

"सांगितलं असतं तर तू हात काढून घेतला असतास," काका समोर बघत म्हणाले.

काकूंना राग यायला हवा होता. इतके दिवस फसवलं या माणसानं. पण आला तो नुसता लाडच, आणि तो दाखवायचा कसा ते कळेना, म्हणून त्या खिडकीबाहेर बघत राहिल्या.

पुढं सिग्नल लाल झाला. काकांनी गाडी न्यूट्रलला टाकली आणि पाय क्लचवरून काढून शहाण्या मुलासारखा खाली टेकवला.

"आता तुमचे तुम्हीच टाका गिअर," काकू म्हणाल्या. "माझ्या तोंडापायी गाडी जायला नको. ती गेली की बसा दोघं त्या बिनगिअरच्या गाडीत, हातावर हात धरून. लेकीला आज फोन करून सांगते, की मेकॅनिक असं म्हणाला..."

सिग्नल हिरवा झाला. काकांनी क्लच दाबला. डावा हात मांडीवर तसाच राहू दिला.

"हं."

काकूंनी वाक्य तिथंच सोडलं आणि पहिला टाकला. गाडी निघाली. मागून एकही भोंगा वाजला नाही.

काका थोडा वेळ वाट बघत राहिले. मग न राहवून म्हणाले, "काय म्हणाला मेकॅनिक?"

"थांबा हो," काकू म्हणाल्या. त्यांचा हात लिव्हरवरच होता. "आधी दुसरा पडू दे."