यहूदाचा आवाज

प्रार्थनाघराच्या खिडक्यांना चादरी लावून भर दुपारी अंधार केला होता आणि त्या अंधारात कमळा रडत होती. शेजारी बसलेल्या धनराजने तिला पदराने डोळे पुसताना तीनदा पाहिलं. तिसऱ्यांदा त्याच्या अंगाचा तिळपापड झाला.

पडद्यावर गोरा, निळ्या डोळ्यांचा येशू टेकडीवर बसून झाडीबोलीत बोलत होता. "जो रडते, त्याले देव जवळ घेते." आवाज आदेशचा होता. सिनेमा परदेशातला, पण बोली इथली हवी म्हणून नागपूरच्या मंडळींनी वडशाच्या नाटक कंपनीतले चार कलाकार आवाज द्यायला नेले होते. येशू आदेशला गेला. धनराजच्या वाट्याला आला यहूदा, येशूला दगा देऊन पकडून देणारा चेला.

तीस वर्षं धनराजने झाडीपट्टीच्या स्टेजवर राजे केले होते. श्वास कुठे घ्यायचा, वाक्याचा शेवटचा शब्द कसा पडू द्यायचा नाही, हे आदेशला त्यानेच शिकवलं. आता तीच शब्दफेक पडद्यावरून येत होती आणि धनराजची सख्खी बायको रडत होती. धनराजच्या नाटकात ही बाई दुसऱ्या अंकाला हमखास झोपायची. दिवसभर धान कापून आलेली, तिचंही चूक नव्हतं. पण राजा मेला तरी ती उठत नसे. घरी जाताना तो विचारायचा, "कसं झालं?" ती म्हणायची, "बरं झालं." तीस वर्षांत याच्यापुढे गाडी गेली नव्हती. आज तो तिला मुद्दाम घेऊन आला होता, एकदा तरी तिच्या तोंडून दुसरं काही निघावं म्हणून.

गावात ख्रिस्ती घरं पाच, तरी हॉलमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती. देवाचीच कृपा, असं म्हणत पास्टर लालसूभाऊ दारात हात जोडून उभे होते. धनराजला खरं कारण माहीत होतं. लोक आपल्या नाटकवाल्यांचा आवाज ऐकायला आले होते. आणि आजकाल आपला नाटकवाला म्हणजे आदेश.

पडद्यावर येशूने आंधळ्याच्या डोळ्यांवर बोटं ठेवली. "उघड डोये. पाह्य, हे जग तुह्यंच हाय."

"वन्स मोअर!" मागून कोणीतरी ओरडलं. मग सगळेच ओरडायला लागले. पास्टर गोंधळले, पण आरमोरीहून प्रोजेक्टर घेऊन आलेला वाजिद या मुलखातलाच होता. त्याने सिनेमा मागे घेतला. आंधळा पुन्हा आंधळा झाला, पुन्हा पाहू लागला. लोकांनी पुन्हा वन्स मोअर मागितला. धनराजच्या राजांना वन्स मोअर मिळाले होते, नाही असं नाही. पण लागोपाठ दोनदा कधीच नाही. पुढच्या रांगेत बसलेला आदेश मान खाली घालून लाजला. त्याचं ते लाजणंही धनराजला सहन झालं नाही.

मग बागेतला प्रसंग आला. शिपाई मशाली घेऊन झाडांमागे थांबले. यहूदा एकटाच पुढे आला, येशूच्या खांद्यावर हात ठेवला आणि हसला.

"नमस्कार, गुरुजी."

स्टुडिओत धनराजची बाकीची वाक्यं चार-चार, पाच-पाच वेळा घ्यावी लागली होती. हे मात्र एका टेकमध्ये ओके झालं. काचेपलीकडे आदेश उभा होता, हातात चहाचा कप. त्याच्याकडे बघत धनराजने ते म्हटलं होतं.

पडद्यावर येशूने यहूदाला आपला मुका घेऊ दिला. पुढे बसलेली एक म्हातारी मोठ्याने म्हणाली, "अगे माय, गोड बोलते, पण याच्या पोटात केवढं जहर हाय वो!" दोघीतिघींनी यहूदाच्या नावाने बोटं मोडली. धनराजचा ऊर भरून आला. झाडीपट्टीत खलनायकाला शिवी पडली की तेच त्याचं बक्षीस. त्याने कमळाकडे पाहिलं. तिचं रडणं थांबलं होतं. ती पडद्याकडे बघत नव्हती, त्याच्याकडे बघत होती. मिळाली एकदाची दाद, असं त्याला वाटलं.

पुढे येशूला क्रुसावर चढवलं तेव्हा सगळा हॉल रडला. कमळा रडली नाही.

सिनेमा संपल्यावर वाजिदने चादरी काढल्या. दाराशी चपलांची गर्दी झाली. बायका आदेशच्या हाताला हात लावून बघत होत्या, एकीने तर लेकराचं डोकं त्याच्यापुढे केलं. त्या गराड्यातून वाट काढत तो आला आणि सगळ्यांदेखत धनराजच्या पायाशी वाकला.

"नमस्कार, गुरुजी."

"सुखी राह्य," धनराज म्हणाला.

"तो बागेतला डायलॉग कसा जमवला तुमी? मी तं काचेतून पाहून राह्यलो होतो. माह्या अंगावर काटा आला. आज पुन्हा आला."

धनराजने आजूबाजूला पाहिलं. लोक ऐकत होते. कमळाही ऐकत होती. त्याने आदेशच्या खांद्यावर हात ठेवला आणि तो हसला.

"तीस वर्षांचा रियाज हाय, बेटा. असं सहज नाई येत."

कमळा वाकून चपला घालत होती. मान वर न करता ती म्हणाली, "त्या एका वाक्याले रियाज नाई लागला."