विहिरीतली परी

इंग्लंडमधल्या श्रूजबरी गावच्या शाळेत अनयाला प्रोजेक्ट मिळाला होता: आपल्या रस्त्यावरच्या सर्वांत म्हाताऱ्या माणसाकडून एक जुनी गोष्ट लिहून आणायची. आयर्लंडमधल्या शाळकरी मुलांनी नव्वदेक वर्षांपूर्वी अशाच वह्या भरल्या होत्या आणि त्या आता इंटरनेटवर आहेत. समोरच्या घरातल्या, मूळच्या आयर्लंडच्या, अठ्ठ्याण्णव वर्षांच्या नोरा आजींची वहीसुद्धा अनयाला तिथे सापडली; तीत त्यांच्या आजीने सांगितलेली म्हणून एक गोष्ट होती.

"तुमच्या आजीची ही विहिरीतल्या परीची गोष्टच सांगा ना."

नोरा आजी हसल्या. "ती मी रचलेली. आजीनं खरं म्हणजे दुष्काळात आमच्या घरात काय झालं, ते सांगितलं होतं. सांगून झाल्यावर म्हणाली, हे मास्तरांना दाखवायचं नाही. सकाळी वही तर द्यायची होती. मग काय, परी!"

"पण काय झालं होतं घरात?"

नोरा आजींनी अनयाच्या उघड्या वहीकडे बोट दाखवलं. अनयाने वही मिटली आणि दप्तरात ठेवून दिली.

घरी आल्यावर आईने विचारलं, "दोन तास काय सांगत होत्या गं?"

"विहिरीतल्या परीची गोष्ट," अनया म्हणाली आणि पेन्सिलीला टोक करू लागली.